बुलोनचं इंग्रजी, साताऱ्याची बोली

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रं आता बरीच प्रसिद्ध झाली आहेत. २०१४ ते २०१८ या शताब्दीच्या वर्षांत ती प्रदर्शनांत लागली, रंगमंचावर नटांनी वाचली, माहितीपटांत जड आवाजात ऐकू आली. जिथे ती जातात तिथे एक विशेषण त्यांच्या मागोमाग जातं : अस्सल. शिपायाचा अस्सल आवाज, मातीतला आवाज. माझं भांडण या विशेषणाशी आहे. आणि ते खरं ठरावं म्हणून मराठीत आणताना या पत्रांवर जी ग्रामीण बोली चढवली जाते, तिच्याशी तर आहेच.

आधी साधी गोष्ट सांगते. ही पत्रं आपल्याकडे नाहीत.

१९१४च्या शरद ऋतूत लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन मार्सेयला उतरल्या. त्यांच्या मागून टपाल आलं आणि टपालामागून सरकारची काळजी आली. गदर पक्षाचं साहित्य शिपायांच्या हाती पडू नये, ही पहिली काळजी. त्यासाठी हिंदी टपालाची तपासणी सुरू झाली आणि तिचं ठाणं बुलोन इथे बसलं. प्रमुख होते एव्हलिन बर्कली हॉवेल, वायव्य सरहद्दीवर नोकरी केलेले मुलकी अधिकारी. १९१५च्या मार्चपर्यंत शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. एवढी पत्रं मोजक्या माणसांनी वाचणं अशक्यच. म्हणून काही उघडायची, त्यांतली काही वाचायची, त्यांतल्या काहींचे उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि ठरावीक मुदतीने अहवालाला जोडून वर पाठवायचे, अशी रीत पडली. पत्र आक्षेपार्ह नसेल तर पुन्हा चिकटवून गावी रवाना. आक्षेपार्ह असेल तर अडवलेलं.

गावी गेलेलं पत्र गावचं झालं. ते वाचून दाखवलं गेलं, कोनाड्यात खोचलं गेलं, पावसात भिजलं, वाळवीने खाल्लं. उरले ते इंग्रजी उतारे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून सहाशेहून अधिक उतारे निवडून १९९९मध्ये पुस्तक केलं आणि आपण सगळे आज जे वाचतो ते बहुतेक त्या निवडीतून. म्हणजे निवडीतली निवड, तिचीही निवड. आणि पहिली चाळण लावणाऱ्याला साहित्याशी किंवा इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की पलटणीचं मन कुठे कलतंय. कोण खचलाय, कोण धर्माबद्दल कुरकुरतोय, कोण गोऱ्या बाईच्या गोष्टी लिहितोय. ज्या पत्रात फक्त बैल, पाऊस आणि पोरीचं लग्न होतं, त्याला अहवालात शिरायला फारसं कारण नव्हतं. युद्धावर गेलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा घरी काय लिहीत असेल याचा आपल्या मनातला अंदाज याच चाळणीतून पडलेल्या दाण्यांवर बेतलेला आहे.

इथवर नवं काही नाही. शंतनु दास यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे थर नीट उलगडून दाखवले आहेत : शिपाई सांगतो, पलटणीतला लिहिता माणूस कागदावर उतरवतो, तपासनीस वाचतो, गावात दुसराच कुणी मोठ्याने वाचून दाखवतो. चार तोंडं आणि दोन कान. विद्यापीठात हे सर्वांना मान्य. पण हा मजकूर मराठीत यायची वेळ आली की सगळे थर एका रात्रीत नाहीसे होतात आणि पानावर उरतो 'गड्या, लय थंडी हाय बग हितं' म्हणणारा सातारकर जवान.

माझ्याकडे हे काम आलं ते असं. एका प्रकाशकांना मराठी शिपायांच्या पत्रांचं छोटं पुस्तक हवं होतं. बुलोनच्या उताऱ्यांवर मूळ भाषेची नोंद असते; त्यांतले 'मराठी' अशी नोंद असलेले उतारे घ्यायचे, कमी पडले तर इतरांतले 'आपले वाटतील असे' घालायचे, आणि सगळं पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत आणायचं. मुखपृष्ठावर 'अनुवाद' हा शब्द नको, कारण 'ती मूळची मराठीच आहेत ना'. हा युक्तिवाद मी आधी गंमत म्हणून ऐकला. मग लक्षात आलं की तो गंभीरपणे केला जातोय आणि माझ्या व्यवसायातल्या बऱ्याच जणांना तो पटतो.

मूळची मराठी होती, म्हणूनच ती आता मराठीत करणं अधिक अवघड आहे. पंजाबी शिपायाचं पत्र मी इंग्रजीवरून मराठीत आणलं तर वाचकाला ठाऊक असतं की आपण अनुवाद वाचतोय. मराठी शिपायाचं आणलं तर त्याला वाटतं, घरी परत आलं. ते परत आलेलं नसतं. मी बसून बनवलेलं असतं.

कसं बनवावं लागतं ते दाखवते. इंग्रजी उताऱ्यात बहुधा मायना नसतो. तपासनिसाला त्याचा उपयोग काय? पण मराठी पत्राचा जीव मायन्यात. वडिलांना तीर्थरूप, मोठ्या भावाला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. मग इकडील क्षेम, मग पत्र लिहिण्यास कारण की. पहिल्या ओळीत नातं, वय, दर्जा, कोण कुणापुढे वाकणार, सगळं ठरतं. इंग्रजीत उरतं 'ब्रदर'. तो दादा की बाळ्या? 'यू' म्हटलंय, ते तू की तुम्ही? आई असेल तर तू, वडील असतील तर तुम्ही, एवढं कळतं. बायकोच्या नावाने शिपाई त्या काळी थेट लिहीत असे का, की भावाच्या पत्रात 'घरची मंडळी' एवढ्या दोन शब्दांत तिची चौकशी उरकत असे? इंग्रजीत 'माय वाइफ' दिसलं की मूळात काय होतं? 'माझी बायको' लिहिलं तर शिपाई शहरी होतो, 'कारभारीण' लिहिलं तर तमाशातला होतो. दोन्ही मीच केलेले.

किंवा मिरचीचं घ्या. उत्तरेकडच्या शिपायांनी तपासनिसाला चकवायला एक खूण वापरली, ती आता प्रसिद्ध आहे : काळी मिर्च संपत आली, लाल मिर्च अजून बरीच आहे. काळी म्हणजे हिंदी पलटणी, लाल म्हणजे गोरे. हिंदी-उर्दूत मिर्च हा शब्द दोन्हींना चालतो, इंग्रजीत पेपर दोन्हींना चालतो, म्हणून तपासनिसाच्या इंग्रजीतही खेळ शाबूत राहिला. मराठीत तो मोडतो. आपल्याकडे काळी ती मिरी आणि लाल ती मिरची. शब्द सख्खे, पण दोन. 'काळी मिरची' म्हटलं की मराठी गृहिणी हसेल. म्हणजे मराठी शिपायाला हीच खूण करायची असती तर त्याने स्वयंपाकघरातला दुसराच डबा उघडला असता. तीळ, कदाचित, काळे आणि पांढरे. इंग्रजीतला 'पेपर' सरळ मराठीत आणणारा अनुवादक त्या माणसाची अक्कल पुसून टाकतो आणि वर त्याला अस्सल म्हणतो.

इज्जतीचं तर विचारूच नका. पंजाबी पत्रांत इज्जत हा शब्द वारंवार येतो, इंग्रजीत त्याचं कधी मान होतं, कधी कीर्ती, कधी प्रतिष्ठा. परत मराठीत आणताना माझ्यापुढे अब्रू, इभ्रत, मान, लौकिक आणि पत असे पाच दरवाजे. अब्रू म्हटलं की घरातल्या बायका आल्या, इभ्रत म्हटलं की भाऊबंदकी आली, लौकिक म्हटलं की पंचक्रोशी आली, पत म्हटलं की सावकार आला. एकेका दरवाजातून वेगळा माणूस बाहेर पडतो. तसंच शेतातल्या उपमांचं. एका पत्रात रणांगणावरच्या प्रेतांना कापून ठेवलेल्या पिकाची उपमा आहे, आणि इंग्रजीत पिकासाठी शब्द आहे 'कॉर्न', ज्यात कुठलंही धान्य मावतं. मराठीत धान्याचं नाव घेतल्याशिवाय पेंढीला आकार येत नाही. ज्वारीची पेंढी घातली की शिपाई घाटावरचा, भाताचे भारे घातले की कोकणातला. मी एक नाम निवडलं आणि एका मेलेल्या माणसाला जिल्हा बहाल केला. उद्या कुणी भाषेचा अभ्यासक '१९१५ सालची सातारी बोली' म्हणून माझीच निवड उद्धृत करेल. मग ती दुसऱ्या पुस्तकात जाईल, तिथून पाठ्यपुस्तकात. हे बोलीप्रेम नव्हे. ज्या बोलीचा पुरावा हरवला तिच्या नावावर खोटा दस्त करणं आहे.

शिवाय त्या काळची मराठी पत्रं मोडीतही लिहिली जात. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मजकूर एका दमात वाहत जातो. बुलोनच्या टेबलावर त्याची आटोपशीर, पूर्णविरामवाली इंग्रजी वाक्यं झाली. आज ती तुटक वाक्यं तशीच मराठीत आणून आपण म्हणतो, बघा, शिपाई किती थोडक्यात, किती थेट बोलतो! थेटपणा कारकुनाचा आहे.

या कारकुनाबद्दल, आणि त्याच्या साहेबाबद्दल, मला खरं तर आदर आहे. हे वाचून काही जण बिचकतील. पण अनुवादक म्हणून मी त्यांच्याच बिरादरीतली. उताऱ्याखाली अनुवादकाचं नाव नसतं. घाईने, भाडोत्री, दुसऱ्याच्या हेतूसाठी केलेलं काम. तरीही त्या इंग्रजीत अधूनमधून मूळ वाक्याचा तोल जाणवतो, म्हणजे कुणीतरी मान खाली घालून मन लावून ते केलं होतं. हॉवेल यांचं तर वेगळंच. १९१५च्या सुरुवातीला त्यांना काळजी पडली की जखमी शिपाई फार कविता लिहायला लागलेत. हे मन ढळल्याचं अशुभ लक्षण, असं त्यांनी वर कळवलं. याच हॉवेल यांनी पुढे ओलाफ कॅरो यांच्यासोबत खुशाल खान खटक या पश्तो कवीचा इंग्रजी अनुवाद केला; तो १९६३ साली पेशावरहून निघाला. कविता म्हणजे आजाराचं लक्षण मानणारा आणि कवितेचा अनुवाद करणारा हात एकच. अशा माणसाला 'वसाहती यंत्रणा' एवढं लेबल लावून पुस्तकातून पुसून टाकायचं आणि त्याचंच इंग्रजी सातारी लुगड्यात गुंडाळून शिपायाचं म्हणून विकायचं, हा मला दुहेरी अप्रामाणिकपणा वाटतो. त्याचं वाक्य वापरायचं, त्याचं नाव नको.

माझ्या विरोधात दोन मुद्दे मांडले जातात, त्यांतला एक वजनदार आहे. हलका आधी. म्हणे सामान्य वाचकाला या बारकाव्यांशी काय करायचंय, त्याला पणजोबा भेटल्याचा आनंद मिळू दे. ज्या वाचकाला आपण 'सामान्य' म्हणतो त्याच्या घरातूनच हे शिपाई गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांत जाऊन पाहा. त्या माणसाला आपला पणजोबा आणि मी रचलेला पणजोबा यांतला फरक माझ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटेल.

वजनदार मुद्दा असा : हरवलेला मजकूर अनुवादातून परत उभा करणं आपल्या परंपरेत मान्य आहे. खरंच आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा उत्तरार्ध संस्कृतात नाही; तिबेटी आणि चिनी अनुवादांत आहे. संस्कृतात हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ सारनाथच्या तिबेटी अध्ययन संस्थेत विद्वानांनी तिबेटीवरून पुन्हा संस्कृतात उतरवले. तौलनिक साहित्याच्या वर्गात हे आम्ही कौतुकाने शिकलो. पण त्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर काय असतं ते पाहा : पुनरुद्धार. आणि तिबेटी अनुवादकांनी एकेका संस्कृत शब्दासाठी ठरलेला प्रतिशब्द पाळला होता, त्यासाठी कोश केला होता, म्हणून परतीची वाट थोडीतरी आखलेली होती. बुलोनच्या कारकुनाने कुठला कोश पाळला? भाषाशास्त्रातही पुनर्रचित शब्दाआधी तारका देतात, म्हणजे हा शब्द कुठे सापडलेला नाही, आम्ही अनुमानाने मांडला आहे. माझी मागणी एवढीच आहे. तारका द्या. प्रत्येक पत्रावर.

एक कटू गोष्टही बोलायला हवी. बंगालीत अशी पत्रं मूळ भाषेत आहेत. कॅप्टन कल्याण मुखर्जी हे वैद्यकीय सेवेतले डॉक्टर मेसोपोटेमियात होते, तुर्कांच्या कैदेत १९१७ साली वारले. त्यांची घरची पत्रं त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, जपली आणि 'कल्याण प्रदीप' या पुस्तकात १९२८ साली छापली. तीच कूत-अल-अमारा, तोच १४७ दिवसांचा वेढा, तीच २९ एप्रिल १९१६ची शरणागती. त्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, ११७ मराठा होती. तिथून कैदेत गेलेल्या मराठी जवानांच्या आज्या लिहिणाऱ्या नव्हत्या, त्यांच्या घरी छापखान्याची ओळख नव्हती. फरक भाषेचा नाही, घराचा आहे. महायुद्धाबद्दल 'केसरी'ने काय लिहिलं ते आपल्याला शब्दशः मराठीत मिळतं. ज्यांच्या भरतीबद्दल लिहिलं, त्यांचं नाही. त्या गैरहजेरीमागे जात आहे, शाळा आहे, पैसा आहे. बोलीतलं बनावट पत्र ही गैरहजेरीच झाकून टाकतं, म्हणून ते मला जास्त खुपतं.

आणखी एक हिशेब यातच येतो. बुलोनच्या अहवालांत पंजाब्यांची पत्रं सर्वाधिक. मराठी पलटणींची मोठी भरती होती मेसोपोटेमियात. बुलोनचा पसारा फ्रान्सपुरता आणि इंग्लंडमधल्या इस्पितळांपुरता. फ्रान्समधले मराठी म्हणजे मुख्यतः खडकीच्या सॅपर्ससारख्या तुकड्यांतले, ज्यांच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला न्यूव्ह शापेलला कापल्या गेल्या. मूठभर उताऱ्यांतून 'मराठी शिपायाचं अंतरंग' उभं करायचं तर उरलेलं मुठीबाहेरून आणावं लागणार. 'आपले वाटतील असे' हे शब्द तिथून आले होते.

मग कथाकाराने यात हात घालू नये का? जरूर घालावा. चंद्रधर शर्मा गुलेरींनी 'उसने कहा था' १९१५मध्येच लिहिली, लढाई चालू असताना. मुल्कराज आनंदांनी 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स'मध्ये फ्रान्समधला शिपाई उभा केला. दोघांनी कथा म्हणून लिहिलं आणि कथा म्हणून छापलं. मराठीत कुणी सातारी शिपायाची पत्ररूप कादंबरी लिहिली तर मी ती आनंदाने इतर भाषांत नेईन.

पत्रांचं पुस्तकही व्हावं. मी प्रकाशकांना कळवलं आहे ते असं : साधी, आजची प्रमाण मराठी, कारण ती कुणाचीही नाही आणि कुणाचं सोंग घेत नाही. प्रत्येक पत्रावर ओळ : मूळ मराठी अनुपलब्ध, बुलोन कार्यालयाचा इंग्रजी उतारा, त्यावरून हा अनुवाद. मायन्याची जागा कोरी. 'ब्रदर'पुढे वय ठाऊक नसेल तर 'भाऊ', बस. शंका जिथे आहे तिथे समासात दोन्ही पर्याय. कंटाळवाणं होईल, असं त्यांचं म्हणणं.

आणि बोली चढवण्यासाठी जो खर्च ते करायला तयार आहेत तो दुसरीकडे वळवा, हेही कळवलं आहे. कारण तपासून पुढे सोडलेली पत्रं गावांना गेली होती, सगळीच वाळवीने खाल्ली असं नाही. छापील पुस्तकात ती 'आहेतच' म्हटल्यावर कोण शोधणार? पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग चालतात. शिकून बाहेर पडणारी माणसं खरेदीखतं आणि वतनाचे कागद वाचतात. त्यांनी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्यात. जमिनीच्या कागदांच्या तळाशी एखादं लहान पाकीट असू शकतं. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का असेल, सेन्सॉरची खूण असेल, आणि आत मोडीत, न तोडता लिहिलेल्या ओळी. असं पाकीट कुणाच्या घरी असेल तर ते उन्हात उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याकडे न्या.